पहिली डॉक्युमेंटरी: स्टाईलचं नंतर बघू, आधी उभं कुठे राहायचं ते ठरवा

प्रश्न सकाळी वाचला, दिवसभर डोक्यात घोळत होता, म्हणून आत्ता रात्री लिहायला बसलोय. लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्ही जे विचारलंय ते आधी माझ्या शब्दांत सांगतो, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते बघता येईल. तुम्ही मूळचे धारूर तालुक्यातले, वय २४, पुण्यात नोकरी, शनिवार-रविवार सुट्टी. आईवडील बरीच वर्षं ऊसतोडीला जायचे, आता जात नाहीत, पण चुलता-चुलती अजून जातात. तुम्हाला "ऊसतोड कामगारांच्या जीवनावर" ४० मिनिटांची डॉक्युमेंटरी करायचीय, ६० हजार साठवलेत, मेहुण्याचा मिररलेस कॅमेरा वापरायला मिळणारे. आणि प्रश्न असा की आपल्याकडचे डॉक्युमेंटरीवाले आनंद पटवर्धन यांच्यासारखं लोकांना प्रश्न विचारत जावं, की अमेरिकेतल्या फ्रेडरिक वाइजमनसारखं काहीच न बोलता नुसतं बघत राहावं, की व्हॉइसओव्हर लिहावा, आणि मुळात स्वतःची स्टाईल सापडते कशी.

आता स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्याकडे विषय आहे, फिल्म अजून नाहीये. "ऊसतोड कामगारांचं जीवन" यात मुकादमाची उचल (मजुरांची टोळी नेणाऱ्याने आगाऊ दिलेले पैसे) आली, कारखाना आला, शाळा सुटलेली पोरं आली, बायकांची आजारपणं आली, राजकारण आलं, दुष्काळ आला, आणि हे सगळं ४० मिनिटांत बसवायला गेलात की जे तयार होतं त्याला मी "माहितीपट आहे पण माहिती नाही आणि पटतही नाही" म्हणतो. फिल्म नक्की कशाची आहे हेच ठरलं नसल्यामुळे स्टाईलचा प्रश्न तुम्हाला एवढा अवघड वाटतोय. दुकानात कापड न घेता शिंप्याला शर्टाचा कॉलर कसा हवा ते सांगत बसल्यासारखं आहे ते.

माझी पहिली फिल्म सांगतो, कारण माझी माती तुमच्यासारखीच झाली होती.

साल २००३. पुण्यात कसबा पेठेतली तांबट आळी, तांब्याची भांडी ठोकून घडवणारे कारागीर. मिनी-डीव्हीचा कॅमेरा मित्राकडून आणलेला, एक कॅसेट ६० मिनिटांची आणि प्रत्येक कॅसेट विकत घेताना जीव वर-खाली व्हायचा. शूटिंग सुरू व्हायच्या आधीच माझ्याकडे अकरा पानी निवेदन तयार होतं, अर्थातच पेशवाईपासून सुरुवात. पंधरा दिवसांत १४ जणांच्या मुलाखती घेतल्या. चौदाच्या चौदा जण म्हणाले की ही कला लोप पावत चाललीय, नवीन पिढी येत नाही, सरकारने लक्ष घालायला पाहिजे. खोटं काहीच नव्हतं त्यात. पण मी विचारायचो तेच असं की दुसरं काही उत्तर येणंच शक्य नव्हतं, "या कलेचं भवितव्य काय वाटतं?" असं कॅमेरा रोखून विचारल्यावर माणूस भाषणच करणार ना.

आणि प्रत्येक मुलाखतीच्या मागे ठोकाठोक. आळीच ती, एक दुकान थांबलं तर दुसरं सुरू. मला तिथे उभं असताना जाणवलंच नाही, कारण आपला कान समोरच्याचं बोलणं बरोबर वेचून घेतो, माईक वेचत नाही. एडिटिंगला बसलो तेव्हा एडिटर मित्राने पंधरा मिनिटं ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "यातलं एक वाक्य वापरता येणार नाही. चहा सांग."

मग नाइलाज म्हणून परत गेलो. दिवसा फक्त काम शूट करायचं, बोलायचं रात्री, दुकानं बंद झाल्यावर, त्यांच्या घरी. घरी चाळीसचा बल्ब, त्यात त्या कॅमेऱ्याला काही दिसायचं नाही, म्हणून नुसता आवाज रेकॉर्ड केला. कॅमेरा नाही म्हटल्यावर माणसं वेगळीच बोलायला लागली हो. दिवसा ज्या काकांनी मला लोप पावत चाललीय ऐकवलं होतं त्यांना मी काहीतरी विचारलं तर त्यांनी मान वळवून डावा कान माझ्याकडे केला, काकू आतून म्हणाल्या उजव्याने ऐकू येत नाही त्यांना, आणि काका हसून म्हणाले, "उजवा हातोडीला देऊन टाकला, डावा हिच्यासाठी राखून ठेवलाय." त्यानंतर पाऊण तास ते फक्त आवाजाबद्दल बोलले. पत्रा कच्चा असताना कसा वाजतो, तापवल्यावर कसा गप्प होतो, मुलगा ठोकत असला की बाहेरून नुसतं ऐकून कळतं की त्याचं लक्ष नाहीये. माझी फिल्म तिथे सुरू झाली. अकरा पानी निवेदन तसंच पडून राहिलं, पेशवे गेले, १४ पैकी ११ माणसं फिल्ममधून गेली.

फिल्म जी झाली त्यात दिवसाचे हात, हातोडी, भांडं दिसतं, आणि वर रात्रीचा शांत आवाज. पुढे एका स्क्रीनिंगला एकजण उठून म्हणाला की दृश्य आणि आवाज यांची ही फारकत ही तुमची खास शैली दिसते. मी मान डोलावली. खरं कारण चाळीसचा बल्ब.

पण त्याच्या पुढचा भाग महत्त्वाचा आहे. नंतर माझ्याकडे चांगले कॅमेरे आले, लाइट आले, तरी मी माणसांचा आवाज आधी वेगळा, कॅमेऱ्याविना रेकॉर्ड करायचं सोडलं नाही, कारण मला कळलं होतं की मी तसा जास्त बरा ऐकतो. पहिल्या वेळेला तो नाइलाज होता, दुसऱ्या वेळेला मी तो निवडला. स्टाईल म्हणजे माझ्या मते एवढंच आहे: अडचणीत सापडलेल्या ज्या गोष्टी अडचण संपल्यावरही तुम्हाला सोडवत नाहीत त्या. ती शूटिंगच्या आधी ठरवता येत नाही आणि दुसऱ्याची उसनी घेता येत नाही, कारण त्याच्या अडचणी वेगळ्या असतात.

तुम्ही नावं घेतलीत ती दोन उदाहरणं घ्या. वाइजमन मुलाखत घ्यायचा नाही, निवेदन टाकायचा नाही, वरून संगीत लावायचा नाही, हे खरं. पण तो करायचा काय, तर एक संस्था निवडायचा: हॉस्पिटल, शाळा, कोर्ट. चार भिंती आहेत, रोज तीच माणसं येतात, तिथे काही आठवडे तो रोज जायचा, १०० तासांच्या आसपास किंवा जास्त फुटेज जमायचं आणि मग महिनोन् महिने एडिटिंग. नुसतं बघत राहणं चालायचं कारण जागा बांधलेली असायची. तुमची माणसं गावातून निघून कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जाणार, उसाच्या एका फडातून दुसऱ्या फडात जाणार, आणि तुम्ही शनिवार-रविवारचे. ती पद्धत तुमच्या आयुष्यात बसत नाही, तुमची लायकी नाही असा त्याचा अर्थ नाही. पटवर्धनांचं म्हणाल तर "जय भीम कॉम्रेड" १९९७ च्या रमाबाई नगरच्या गोळीबारानंतर सुरू झाली आणि २०११ ला पूर्ण झाली, १४ वर्षं. ते कॅमेऱ्यामागून प्रश्न विचारतात तेव्हा त्या प्रश्नामागे तेवढ्या वर्षांचा वावर असतो, समोरचा मंत्री असो की शाहीर. तो टोन पहिल्या फिल्ममध्ये उचलला तर नुसता चॅनेलच्या रिपोर्टरसारखा ऐकू येतो. मी करून बघितलंय, ते फुटेज कुणाला दाखवत नाही.

मग तुमच्याकडे काय आहे? ऊसतोडीवर कॅमेरा घेऊन बरेच लोक येऊन गेलेत, २०१९ ला बीडमधल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या बातम्या देशभर गाजल्या त्यानंतर तर विचारू नका. सगळ्यांकडे तेच शॉट आहेत: फडावरून ड्रोन, डोक्यावर मोळी घेतलेली बाई, साडीच्या झोळीत झोपलेलं बाळ, पहाटेची चूल. यातलं काही तुम्ही शूट करू नका असं मी म्हणत नाही, पण तुम्ही त्यात त्यांच्यापेक्षा वेगळं काही आणणार नाही. उलट तुमच्या प्रश्नात शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात की "लहानपणी आम्ही दोघं भाऊ आजीजवळ राहायचो, दिवाळीनंतर गाव रिकामं व्हायचं." मी तिथे थांबलो. फड सगळ्यांनी दाखवलाय. रिकामं गाव, कुलपं लावलेली घरं, म्हातारी माणसं आणि पोरं, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गाळप बंद होऊन, लोक परत येईपर्यंत, हे आतून माहीत असलेला माणूस तुम्ही आहात. त्या पोरांना रात्री काय वाटतं, फोन कधी येतो, आजीच्या हातात खर्चाला किती पैसे ठेवून जातात, शाळेत कोण कुठे बसतं, हे तुम्हाला विचारावं लागणार नाही, आणि विचारलंत तरी खरं उत्तर मिळेल.

शिवाय हे तुमच्या परिस्थितीत बसतं, आणि पहिल्या फिल्मला हे फार मोठं असतं. पुण्याहून शुक्रवारी रात्री बसलात की सकाळी गावात. राहायला घर आहे, जेवायला आहे, गावात शिरायला कुणाची परवानगी काढायची गरज नाही.

प्लॅनिंग म्हणाल तर मी असं करेन. अर्धं पान लिहा, जास्त नको. कोण दिसणार (दोन घरं पुरे, तीन म्हणजे डोक्यावरून पाणी), सुरुवातीला काय असतं आणि शेवटी काय बदललेलं असतं. तुमच्या बाबतीत हे आयतं आहे: सुरुवात म्हणजे निघायची रात्र, शेवट म्हणजे परत यायचा दिवस. मधे काय घडेल ते लिहू नका, तुम्हाला माहीत नाही. फक्त अशा गोष्टींची यादी ठेवा ज्या होणारच आहेत, म्हणजे संक्रांत, परीक्षा, गावची जत्रा, आजीची दवाखान्याची खेप. आणि पहिली चक्कर कॅमेऱ्याशिवाय मारा. चुलत्याकडे बसा, चहा प्या, काय करायचंय ते सरळ सांगा. दुसऱ्या चक्करला कॅमेरा न्या पण बाहेर काढू नका, नुसता खांद्यावर राहू दे, पोरं हाताळतील, बघतील, कंटाळतील. त्यांना कंटाळा आला की तुम्ही शूट सुरू करा.

एक गंमत करा. दादासाहेब फाळक्यांनी "राजा हरिश्चंद्र"च्या आधी, १९१२ च्या सुमारास, कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली होती, मिनिटभराचीच फिल्म, पण ती बघून त्यांना पैसे देणारा माणूस मिळाला. तुम्ही गल्लीतली एक जागा ठरवा, जमिनीत एक वीट पुरून खूण करा आणि दर वेळी त्याच विटेवर ट्रायपॉड ठेवून त्याच उंचीवरून दोन मिनिटं शूट करा. दिवाळीला गजबजलेली गल्ली, डिसेंबरात कुलपं, मार्चमध्ये ऊन आणि एक कुत्रं. एडिटिंगला बसल्यावर त्या शॉट्सना तुम्ही मला दुवा द्याल.

४० मिनिटांचं डोक्यातून काढा. २०-२२ मिनिटं ठेवा, आणि फुटेज १५-२० तासांच्या वर जाऊ देऊ नका. तुम्ही एकटे आहात, एक तासाचं बोलणं हाताने उतरवून काढायला चार-पाच तास जातात, आणि ते उतरवल्याशिवाय एडिटिंगला बसायचं नाही हा माझा नियम आहे.

आता सामान, पटकन. कॅमेरा आहे तो पुरे, नवीन घेऊ नका. ६० हजारांतला पहिला खर्च आवाजावर करा: एक बरा रेकॉर्डर, एक कॉलर माईक, एक वाऱ्याचं केसाळ कव्हर, आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन जे शूट करताना कानावर असतील, पिशवीत नाही. दुसरा खर्च दोन हार्ड डिस्क, एक तुमच्याकडे, दुसरी दुसऱ्याच्या घरी. ४के रिझोल्यूशनला, सेकंदाला १०० मेगाबिटच्या (एमबीपीएस) सेटिंगवर शूट केलंत तर तासाला साधारण ४५ जीबी जातात, २० तास म्हणजे ९०० जीबी, त्यामुळे एकेक टीबीच्या डिस्क नका घेऊ, दोन-दोन टीबीच्या घ्या, नाहीतर सरळ एचडीत शूट करा, कुणी मरत नाही. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तिच्याशी न जुळणारं काही ठेवलं की घरातले ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी पडद्यावर लुकलुकतात. आणि प्रत्येक खोलीत, निघण्याआधी, सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. तिथली शांतता दुसरीकडून आणता येत नाही, त्यात पत्र्यावरची चिमणी असते, लांबचा पंप असतो. लोक हसतील, हसू दे, हसून झालं की परत करा. उरलेले पैसे प्रवासाला आणि एडिटरला. एडिटर दुसरा माणूस हवाच. तुम्हाला स्वतःची आजी कापता येणार नाही.

इथे एक गोष्ट जपून. चुलत्याने उचल घेतलेली असणार, म्हणजे मुकादमाचे पैसे त्याच्या अंगावर आहेत. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक, आणि हिशेब टनावर. तुम्ही चार दिवस फडावर गेलात आणि त्यांना बोलायला बसवलंत तर तेवढ्या वेळात त्यांच्या मोळ्या कमी होतात, हे लक्षात असू द्या. कॅमेऱ्यासमोर मुकादमाबद्दल चुलता जे बोलेल त्याचे परिणाम त्याला पुढच्या हंगामात भोगायचेत, तुम्ही पुण्यात असाल. म्हणून संमतीचा कागद मराठीत, साध्या भाषेत, वाचून दाखवून घ्या, पण कागदावर भागवू नका. कच्चं एडिट झालं की त्यांच्या घरात बसून त्यांना दाखवा, आणि "हे काढ" म्हणाले तर काढा. मी एकदा काढलं नव्हतं. वाक्य फारच चांगलं होतं, मोह झाला. ज्याचं वाक्य होतं त्या माणसाने आजतागायत माझा फोन उचललेला नाही, आणि फिल्म आज कुणाला आठवतही नाही. पोरांच्या बाबतीत तर दुप्पट काळजी: रडणारं पोर, परीक्षेत नापास झालेलं पोर, हे दहा वर्षांनी इंटरनेटवर त्याच्या वर्गमित्रांना सापडणार आहे असं धरून चला.

स्टाईलसाठी व्यायाम हवाच असेल तर हा करा. एका शनिवारी सकाळी तेच घर, तीच आजी किंवा चुलत आजी जी कोण असेल ती, भाकरी करतेय. पहिल्यांदा ट्रायपॉड लावून दहा मिनिटं कॅमेरा हलवू नका, काही झालं तरी. दुसऱ्यांदा कॅमेरा हातात घेऊन तिच्याजवळ बसा आणि तुम्ही एरवी जसं बोलता तसं तिच्याशी बोला, "आज्जे, मीठ जास्त झालंय" वगैरे, तुमचा आवाज आत येऊ दे. तिसऱ्यांदा कॅमेरा बंद, फक्त रेकॉर्डर. तिन्ही आठवडाभर बघू नका. मग बघा, एकटे बघा. एकात तुम्हाला घाई सुटेल, एकात तुमचाच आवाज खोटा वाटेल, आणि एक तुम्ही नकळत दुसऱ्यांदा लावाल. ते जे दुसऱ्यांदा लावलंत तिकडून चालायला लागा. मला खात्रीने सांगता येणार नाही कुठलं असेल ते, पण तुमच्या प्रश्नाची भाषा बघता मला वाटतं दुसरं असेल, कारण तुम्ही त्या घरचे आहात आणि भिंतीवरची माशी होऊन बसणं तुम्हाला जमणार नाही, आजी म्हणेल असा काय बसलायस मुक्यासारखा, जेव.

व्हॉइसओव्हरचं तेवढं राहिलं. नको असं नाही म्हणत, पण शूटिंगच्या आधी लिहू नका. सगळं कापून झाल्यावर जिथे प्रेक्षकाला गोष्ट कळतच नाहीये तिथे तुमच्या आवाजात एक वाक्य. "मी सहा वर्षांचा असताना" अशी सुरुवात होत असेल तर चालेल, "महाराष्ट्रातील लाखो ऊसतोड कामगार" अशी होत असेल तर पुसून टाका.

हे सगळं तुम्ही रिकाम्या गावाची फिल्म करणार हे धरून लिहिलंय. आईवडील अजून जात असते, किंवा तुम्हाला सहा महिन्यांची बिनपगारी रजा मिळणार असती, तर मी कदाचित म्हटलं असतं की जा त्यांच्याबरोबर ट्रॅक्टरवर बसून, कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, राहा. आणि तुम्हाला मनातून फडच करायचा असेल, माझं हे सगळं वाचूनसुद्धा, तर मग तेच करा, फक्त एकच फड आणि एकच जोडी घ्या.

तुम्ही लिहिलंत की शूटिंग जानेवारीत, "तयारी झाल्यावर" सुरू करणार. त्याने निघायची रात्र हुकेल. ट्रक किंवा ट्रॅक्टर दारात लागतो, चूल-भांडी-कोंबड्या वर चढतात, पोरं जागी असतात, ती रात्र पुढच्या दिवाळीपर्यंत परत येत नाही. तयारी राहू दे, मेहुण्याला फोन करा, कॅमेरा आणा आणि त्या आठवड्यात दोन दिवस रजा टाका.

आणि आजी आता आहे का, असेल तर वय किती, ते तुम्ही लिहिलं नाहीत. असेल तर दिवाळीचीही वाट बघू नका. या रविवारी जा, फोनच्या रेकॉर्डरवर का होईना पण तिला तासभर बोलू द्या, आणि निघताना त्या खोलीतली एक मिनिट शांतता घेऊन या.